करप्याची बुरशी आणि रंगाची निवड

कर्जत-खालापूरकडील भातकऱ्यांस करपा सांगावयास नको. आभाळ भरून राहिलें, रिमझिम लागली आणि नत्रखत जरा जास्त पडलें कीं पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके उठतात. कर्जतच्या संशोधन केंद्रांत १९१९ पासून भातावर काम चालू आहे. एखादी जात करप्यास दाद कां देत नाहीं हें जाणावयाचें, तर बुरशीचा तंतु पेशींत शिरला कीं बाहेरच अडला, हें पाहिलें पाहिजे.

याकामीं कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. त्यांत लेसरचा बारीक ठिपका पानावर फिरतो व सूक्ष्म छिद्रांतून एकाच पातळीवरचा प्रकाश ग्राहकापर्यंत पोहोंचतो. पान न कापतां आंतील थर दिसतात. बुरशी मात्र रंगवावी लागते. गव्हाच्या अंकुरांतील एक प्रथिन बुरशीच्या कायटिनयुक्त भिंतीस चिकटतें. त्यास चमकणारा रंग जोडतात.

तो कोणता, येथेंच घोटाळा होतो. तांबड्याच्या टोकाकडील रंग लोकप्रिय आहेत, कारण तो प्रकाश खोल जातो व पेशीभिंतींची स्वतःची चमक तेथें कमी असते. ‘अलेक्सा ६४७’ सुमारें ६६८ नॅनोमीटरवर सर्वाधिक चमकतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षांश). परंतु पानांतील हरितद्रव्यही सुमारें ६८० वर आपण होऊन चमकतें, आणि तोच लेसर त्यासही चेतवितो! मग दिसतें ती बुरशी कीं पान?

त्याच्याही पुढचा, ७७५ च्या सुमाराचा रंग घ्यावा, तर ग्राहकच आंधळा. गॅलियम-आर्सेनाइड-फॉस्फाइडचा ग्राहक हिरव्या-पिवळ्या प्रकाशास फार तीक्ष्ण, पण ७०० च्या पुढें त्याची शक्ति झपाट्यानें घटते. चित्र काळें येतें आणि ‘बुरशी नाहीं’ असा निकाल लिहिला जातो. त्यावर विसंबून बियाणें निवडलें, तर पुढल्या श्रावणांत करपतील तीं आपलींच खाचरें.

आमच्या मतें पानासाठीं ५२० च्या आसपास चमकणारा हिरवा रंग घ्यावा, अथवा मद्यार्कानें हरितद्रव्य आधीं काढून टाकावें. करपलेला तपकिरी भागही हिरवट चमकतो. म्हणून रंग न दिलेलें रोगट पान त्याच लेसरखालीं अगोदर पाहावें. मुळांत हरितद्रव्य नसतें, तेथें ६४७ उत्तम. तो प्रकाश डोळ्यास जेमतेमच दिसतो. नेत्रिकेंत अंधार दिसला म्हणून नमुना टाकूं नये, ग्राहकास विचारावें.

आमच्या वाचकांनीं नमुना देतांना ताज्या ठिपक्यांच्या पानासोबत त्याच जातीचें एक निरोगी पानही द्यावें.