नावात इंच, नळीत मिलिमीटर

अमेरिकन यादवी युद्धातली उखळी तोफ ओळखायची तर आधी तिच्या तोंडाची कड पाहावी. ओतशाळा, साल, वजन, तपासनिसाची आद्याक्षरं तिथे ठोकलेली असतात. कॅलिबर मात्र नळीचा आतला व्यास मोजून काढायचं, आणि ते नावाशी जुळेलच असं नाही.

‘२४ पौंडी’ कोहॉर्न या उखळी तोफेचंच बघा. तिचा व्यास ५.८२ इंच. चोवीस पौंड हे त्या मापाच्या भरीव लोखंडी गोळ्याचं वजन. प्रत्यक्षात तिच्यातून उडे तो दारू भरलेला पोकळ गोळा, म्हणजे बराच हलका. चार माणसं तिला उचलून खंदकातून फिरवत. मोठ्या तोफांची नावं सरळ इंचांत होती: ८, १०, १३. १८६४ मध्ये पीटर्सबर्गच्या वेढ्यात ‘डिक्टेटर’ नावाची १३ इंची तोफ रेल्वेच्या वाघिणीवर चढवली होती. वजन सुमारे १७,००० पौंड! रुळांच्या वळणावर वाघीण पुढेमागे सरकवली की नेमही बदले.

खरी फसगत पहिल्या महायुद्धापासून होते. विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज अभियंत्याची ‘३ इंची’ उखळी तोफ अमेरिकी सैन्यानेही वापरली. तिची नळी मोजली तर भरते ३.२ इंच, म्हणजेच ८१ मिलिमीटर. पुढे फ्रान्समध्ये एदगार ब्रांत यांनी (कलात्मक लोहकामासाठीही ते तितकेच नावाजलेले होते) ती सुधारली, शेपटीला पंख असलेला निमुळता गोळा दिला. ब्रांत यांचा आराखडा अमेरिकेने घेतला आणि ८१ मिलिमीटरची एम-१ घडली. जुन्या ‘३ इंची’ आणि नव्या ‘८१ मिलिमीटर’ला वेगळ्या मापाच्या समजणारी नोंद म्हणूनच चुकीची. माप एकच, वंशही एकच. पायदळाच्या कंपनीजवळची ६० मिलिमीटरची एम-२ हीदेखील ब्रांत यांचीच देणगी.

४.२ इंची तोफेला मात्र नुसती मोजपट्टी पुरत नाही, बॅटरीच्या उजेडात नळीत डोकावावं लागतं. आत पेचदार खाचा दिसतात. त्यांमुळे गोळा स्वतःभोवती फिरतो, त्याला पंख लागत नाहीत. विषारी वायू आणि धूर फेकण्यासाठी रासायनिक युद्धदलाने ती घडवली; स्फोटक गोळे तिने प्रथम डागले ते १९४३ मध्ये, सिसिलीत. मिलिमीटरमध्ये ती १०७ भरते, पण सैनिकांच्या तोंडी ‘फोर-ड्यूस’च राहिली. तिच्या जागी आलेल्या १२० मिलिमीटरच्या तोफेची नळी पुन्हा आतून गुळगुळीत आहे.