सह्याद्री किती मीटरचा?

उपग्रहाचे चित्र म्हणजे चौकोनांची जाळी. चौकोन केवढा, यावर डोंगर कसा दिसणार हे ठरते.

कुठला भाग जपायचा हे ठरवणारे पश्चिम घाटाचे नकाशे दोनदा गाजले. पुण्याच्या माधव गाडगीळ यांच्या समितीने (२०११) घाटाचे साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे सुमारे २,२०० चौकोन पाडले. उंची, उतार, अस्पर्श जंगल, प्रदेशनिष्ठ वनस्पती असे निकष लावून प्रत्येक चौकोनाला गुण दिले. पुण्यातली सदाशिव पेठ मध्यभागी धरून असा एक चौकोन आखून पाहा: शिवाजीनगर, पर्वती आणि कॅम्प, सगळे एकाच गुणात!

कस्तुरीरंगन गटाने (२०१३) भारतीय उपग्रहांची २४ मीटरची चित्रे वापरली. त्यातल्या एका ठिपक्यात पेठेतला जेमतेम एखादा वाडा मावेल. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात, म्हणून या चित्रांत जंगल लालभडक उमटते. ऐन पावसाळ्यात मात्र ढगांमुळे हे कॅमेरे आंधळे.

बारीक जाळी म्हणजे अधिक संरक्षण, असे मुळीच नाही. गाडगिळांनी सगळा घाट तीन श्रेणींत संवेदनशील मानला, तर दुसऱ्या गटाने सुमारे ३७ टक्केच. रेषा शेवटी माणसेच आखतात, आणि तीही रेंगाळत: घाटातले संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत.