जातीचा रकाना, माहितीचा अधिकार आणि नवा डेटा कायदा

"मागितलेली माहिती व्यक्तिगत स्वरूपाची असल्याने देता येत नाही." माहिती अधिकाराचे अर्ज टाकणाऱ्या कार्यकर्त्यांना हे वाक्य पाठ आहे. आजवर असे उत्तर आले की आपण प्रथम अपील करायचो, "यात जनहित आहे" असे दाखवायचो आणि निदान काही प्रकरणांत तरी कागद हाती पडायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र या वाक्याचे वजन वाढले. ते वाढवले एका अशा कायद्याने, ज्याचे नाव ऐकून कोणालाही तो आपल्याच रक्षणासाठी आहे असे वाटेल : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे डेटा कायदा यावा म्हणून वाट पाहणाऱ्यांत मीही होतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला, २०१९ मध्ये विधेयक आले, २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आताचा कायदा संसदेत मंजूर झाला. नियम यायला आणखी दोन वर्षे गेली. कंपन्यांना आणि संस्थांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली आहे, म्हणजे त्यांच्यावरच्या मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. माहिती अधिकार कायद्यातली दुरुस्ती मात्र नियमांबरोबर लगेच लागू झाली. नागरिकाचा डेटा सांभाळायला दीड वर्ष आणि नागरिकाला माहिती नाकारायला एक दिवसही नाही, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ही दुरुस्ती नेमकी काय आहे? माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) पूर्वी असे होते : जी व्यक्तिगत माहिती सार्वजनिक कामकाजाशी किंवा जनहिताशी संबंधित नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खासगी जीवनात विनाकारण ढवळाढवळ होईल, ती नाकारता येईल. व्यापक जनहित दिसले तर तीही द्यावी लागेल. शिवाय एक परंतुक होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. डेटा कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळे काढले आणि त्या जागी एवढेच ठेवले की व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती देणे बंधनकारक नाही. अटी गेल्या, परंतुकही गेले.

आता विचार करा, सरकारी कार्यालयातला कोणता कागद व्यक्तीशी संबंधित नसतो? घरकुलाच्या यादीत नावे असतात, रोजगार हमीच्या हजेरीपत्रकावर नावे असतात, निवड यादीत, बदलीच्या आदेशात, ठेकेदाराच्या देयकावर नावे असतात. १९९० च्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगावी जनसुनवाई घेतली, तेव्हा हीच हजेरीपत्रके सर्वांसमोर मोठ्याने वाचली गेली. मजुरीचा भ्रष्टाचार उघडा पडला तो नावांमुळेच. मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी उचलली हे आकड्यांच्या बेरजेतून कळत नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की कलम ८(२) शाबूत आहे, म्हणजे जनहित जास्त असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकते. हे खरे आहे. पण "देऊ शकते" या दोन शब्दांवर सगळा भार आहे. पूर्वी जनहिताची कसोटी नकाराच्या कलमातच होती, अधिकाऱ्याला तिच्यापासून सुटका नव्हती. आता तो आधी दार बंद करेल आणि उघडायला का लावता हे सांगण्याचे काम आपल्याकडे येईल. अर्थात सगळे सुरळीत होते आणि २०२५ मध्येच बिघडले असेही नाही. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणातल्या निकालापासून कर्मचाऱ्यांची मालमत्ता व विभागीय चौकशी यांची माहिती "व्यक्तिगत" म्हणून नाकारण्याची वाट रुळलीच होती. आता तिचा हमरस्ता झाला.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला सर्वात खटकते ती वेगळी गोष्ट. खासगीपणा आणि पारदर्शकता यांत एकच निवडायचे आहे, असे चित्र उभे केले जाते. तांत्रिकदृष्ट्या ते खोटे आहे. लाभार्थ्यांची यादी हा एक तक्ता असतो. त्यात नाव, गाव, मंजूर रक्कम, हप्त्याची तारीख, आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल असे रकाने असतात. शेवटचे तीन रकाने गाळून बाकी यादी देणे हे एक्सेल येणाऱ्या कोणत्याही कारकुनाचे दोन मिनिटांचे काम आहे. कायद्यालाही हे ठाऊक होते. माहिती अधिकाराचे कलम १० सांगते की न देण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला द्यावा. हे कलम आजही जसेच्या तसे आहे.

दुसरा मुद्दा आपल्या समाजाच्या अधिक जवळचा आहे, पण त्याची चर्चा फारशी कानावर येत नाही. २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात "संवेदनशील" डेटाचा वेगळा वर्ग होता. आरोग्य, आर्थिक माहिती, बोटांचे ठसे यांच्या बरोबरीने जात-जमात आणि धार्मिक श्रद्धाही त्यात होत्या. असा डेटा घेणाऱ्यावर जास्त कडक बंधने येणार होती. २०२३ च्या कायद्यात हा वर्गच नाही. तुमच्या बुटाचा नंबर आणि तुमची जात, दोन्ही या कायद्याच्या लेखी सारखेच! भाड्याने घर शोधताना आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे समजावून सांगावे लागत नाही. आडनाव, वस्तीचे नाव, शिष्यवृत्तीचा तपशील एवढ्यावरून संगणकालाही जातीचा अंदाज बांधता येतो. नोकरीचे अर्ज छाननारे किंवा कर्ज द्यायचे की नाही हे ठरवणारे सॉफ्टवेअर असा अंदाज वापरत असेल, तर त्याला वेगळा अटकाव करणारे कलम या कायद्यात मला सापडत नाही. एखाद्या कंपनीकडून तुमचा डेटा फुटला तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका आठवा. मुलीचा फोटो, जन्मतारीख, पगार, वडिलांचा मोबाईल, घरचा पत्ता असे सगळे असलेली पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत राहते. लग्न होऊन मूल शाळेत गेले तरी फिरत असते. श्रामणेर शिबिराला आलेल्या मुलांच्या आधार कार्डांचे फोटो कुणा एका कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात. हेतू चांगला असतो, पण तो फोन विकताना किंवा दुरुस्तीला देताना ते फोटो पुसले का? घरगुती वापराला हा कायदा लागू नाही, संस्थेला आणि मंडळाला मात्र लागू होणार आहे. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यायची, काम झाले की ती पुसायची आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घ्यायची, एवढे तरी मे २०२७ ची वाट न पाहता सुरू करता येईल. मेळाव्याच्या पुस्तिकेत थेट मोबाईल छापण्याऐवजी नोंदणी क्रमांक छापावा आणि संपर्क संस्थेमार्फत करावा. आधारची प्रत घ्यायचीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली घ्यावी. ती आधारच्याच संकेतस्थळावरून मिळते.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज? तो आता वेगळ्या पद्धतीने लिहायला शिकावे लागेल. शक्य तिथे माणूस मागू नका, पद मागा. "अमुक कर्मचारी कोणत्या प्रवर्गातून लागला" असे विचारले की नकार ठरलेला. त्याऐवजी बिंदुनामावलीची प्रत, प्रवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे आणि अनुशेषाचा आकडा मागा. आकड्याला खासगीपणा नसतो. अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी व रक्कम यांचा तपशील कलम ४(१)(ख) खाली कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो, म्हणून अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा. नावे लागणारच असतील तर "आधार, बँक खाते, मोबाईल व सविस्तर पत्ता कलम १० नुसार वगळून उर्वरित माहिती द्यावी" असे आपणच लिहून द्या आणि कलम ८(२) खाली जनहित काय आहे ते दोन ओळींत मांडा. उदाहरणार्थ, त्याच वस्तीतली पात्र कुटुंबे यादीबाहेर कशी राहिली हे तपासायचे आहे. नकार आलाच तर त्याची कारणे लेखी कळवणे कलम ७(८) नुसार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार आजही त्याचीच आहे. नकाराचे पत्र हाती पडल्यापासून प्रथम अपिलाला तीस दिवस मिळतात, म्हणून टपालाच्या पाकिटावर ते मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.