अळवाच्या पानासारखी लादी

वास जिन्यातच आला. थिनरचा, त्यात नेलपॉलिशसारखं काहीतरी गोडसर. डोंबिवलीत मावशीकडे तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत घसा खवखवायला लागला होता. दारातच तिला विचारलं, "मारून झालं?"

"आत्ताच. पाच मिनिटांत."

गेल्या मे महिन्यात मावशीने ओल रोखणाऱ्या फवाऱ्याचा असाच एक डबा मागवून मोरीच्या लाद्यांवर स्वतः फवारला होता. वास घरभर नको म्हणून दार लोटून घेतलं होतं. संध्याकाळी खोकला सुरू झाला, रात्री थंडी वाजून ताप भरला, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. ती उशीला टेकून बसून राहिली. दवाखान्यात दम्याबद्दल विचारलं, धुळीबद्दल विचारलं. दिवसभरात काय फवारलं हे कुणी विचारलं नाही आणि तिलाही सांगायचं सुचलं नाही. तीन दिवसांनी बरं वाटलं. वर्षभर मला मात्र तिची ती बसून काढलेली रात्र विसरता आली नाही. यंदा खालच्या घराच्या छताला पुन्हा ओल आली, दोन्ही बाथरूमचं काम निघालं, म्हणून मी मुद्दाम गेले. पोहोचायला उशीर झाला.

मिस्त्री पन्नाशीचा, बीडकडचा. सकाळपासून त्याने सांधे खरवडले, नवं ग्राउट भरलं, स्पंजने पुसलं. तोंडाला गमछा होता. बाथरूम चार बाय सहा, झरोका हाताएवढा आणि एक्झॉस्ट फॅन बंद पडलेला. आम्हाला बघायला बोलावून त्याने तांब्याभर पाणी लादीवर ओतलं. पाणी पसरलं नाही. त्याचे टपोरे थेंब झाले आणि उताराने जाळीकडे घरंगळत गेले. मागे लादी कोरडी ठाक.

"अळवाचं पान आहे बघा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं आणि ते खरंच कौतुकाचं होतं.

डबा उचलून मी बारीक अक्षरं वाचली. द्रावक होतं, दाबाखालचा वायू होता, आणि 'फ्लुओरो'ने सुरू होणारं एक लांबलचक नाव होतं. पाण्याला आणि तेलाला झटकून टाकणारं ते हेच. खाली इंग्रजीत एक ओळ होती: हवेशीर जागेत वापरा. मिस्त्रीला ती वाचता येत नव्हती, आणि वाचता आली असती तरी त्या बाथरूममध्ये हवा आणायची कुठून?

मावशी तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात परिचारिका होती. अळवाच्या पानावरून तिला तिथली बाळं आठवली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची छाती प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते, कारण फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून साबणाच्या फेसासारखा जो पातळ थर असतो, तो त्यांच्यात पुरेसा तयार झालेला नसतो. तो नसला की श्वास सोडताना वायुकोश मिटतात आणि मग उघडत नाहीत. 1959 मध्ये अमेरिकेतल्या मेरी एलन एव्हरी या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. पुढे हा थर बाहेरून नळीने देता येऊ लागला. मावशीने स्वतःच्या हाताने अशी बाळं धरली आहेत.

लादीला अळवाचं पान करणारं द्रव्य याच थरावर जाऊन बसतं आणि तो बिघडवतं. फुप्फुस ओलाव्यावर जगतं, आणि हे द्रव्य ओलावा झटकायलाच बनवलेलं. मी हे सांगितल्यावर मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या रात्री माझं त्या बाळांसारखं झालं होतं."

द्रव्य खोलवर पोहोचतं ते फवाऱ्यामुळे. मोठा थेंब नाकाघशात अडकतो, दहा मायक्रॉनहून बारीक थेंब थेट वायुकोशांपर्यंत जाऊ शकतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. जर्मनीत मार्च 2006 मध्ये 'मॅजिक नॅनो' नावाचा काच आणि सिरॅमिकवर मारायचा फवारा बाजारात आला आणि काही दिवसांतच शंभराच्या आसपास लोकांनी खोकला आणि दम लागल्याची तक्रार केली. सहा जणांच्या फुप्फुसांत पाणी झालं, त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. नावामुळे सगळ्यांनी नॅनोकणांना दोष दिला. तपासणीत तसे कण सापडलेच नाहीत. आधी हातपंपाच्या बाटलीत विकलेल्या मालाने असा त्रास झाला नव्हता. दाबाच्या डब्यात भरल्यावर झाला. अमेरिकेत त्याआधीच, ऑगस्ट 2005 मध्ये, 'स्टँड अँड सील' या लाद्यांच्या सांध्यांवर मारायच्या फवाऱ्याचे सुमारे तीन लाख डबे परत मागवावे लागले होते. उभ्याउभ्या मारा आणि मोकळे व्हा, असं त्याचं नावच सांगत होतं.

पाच मिनिटं. तिथेही तेच आमिष होतं.

मिस्त्री गॅलरीत गेला आणि त्याने बिडी काढली. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. बोटांवरचं हे द्रव्य बिडीच्या निखाऱ्यात तापलं तर त्याचा विषारी धूर होतो. आधी हात धुवा, कपडे झटका, आणि आज बिडी नकोच, असं मी सांगितलं. तो संकोचला. म्हणाला, "रात्री कधीकधी कणकण येते ताई. उन्हाची असेल, वाटायचं. पण वास गेला की काही नसतं."

वासावर त्याचा केवढा भरवसा. मावशीचाही होता. वास द्रावकाचा असतो, ते उडून जातं. फुप्फुसाला नडणाऱ्या त्या लेपाला वास असतोच असं नाही. आणि गमछ्यातून हे बारीक थेंब आरपार जातात. सेंद्रिय वाफ आणि कण दोन्ही अडवणारा, डब्या लावलेला मास्क लागतो. बीडहून आलेल्या या माणसाला तो आजवर कुणी दिला नव्हता. उन्हाळ्याचे दोन महिने तो रोज अशी तीन-तीन बाथरूम करतो. मावशीने एकदाच फवारलं होतं.

दुसऱ्या बाथरूमला मी फवारा मारू दिला नाही. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात सांध्यांवर लावायचं पाण्यातलं द्रव साध्या डब्यात मिळालं, दोन इंची ब्रशही मिळाला. दार उघडं ठेवलं, दारात टेबलफॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून लावला. मिस्त्री उकिडवा बसून एकेक सांधा भरत गेला. पाऊण तास लागला. मध्येच म्हणाला, "पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास. दिवसाला एक बाथरूम कमी होणार."

"एका बाथरूमचे किती मिळतात?" मावशीने विचारलं. त्याने सांगितलं. तेवढे तिने मजुरीत वाढवून दिले. त्याने ते मोजले नाहीत, तसेच खिशात घातले.

निघताना त्याने अर्धा उरलेला फवाऱ्याचा डबा पिशवीत टाकला. उद्या कल्याणला दोन बाथरूम आहेत, मालकाला घाई आहे, म्हणाला. ब्रश मोरीच्या कडेला वाळत होता. जिना अर्धा उतरून तो परत वर आला आणि विचारलं, "हा नेऊ का?"