धूम्रपान सोडल्यानंतरची वजनवाढ

धूम्रपान सोडल्यानंतरची वजनवाढ म्हणजे विडी, सिगारेट किंवा चिलीम ओढणे बंद केल्यावर पुढील काही महिन्यांत शरीराच्या वजनात होणारी वाढ होय. ती स्वतंत्र व्याधी नाही. निकोटिनचा प्रभाव ओसरल्याचा तो परिणाम आहे.

कारणे

निकोटिन मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील चेतापेशींवर क्रिया करून भूक मंदावते आणि शरीराचा ऊर्जाखर्च वाढवते. दिवसभर सिगारेटी ओढणाऱ्यांत हा खर्च सुमारे १० टक्क्यांनी अधिक आढळला आहे. ही तफावत दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी, म्हणजे ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीइतकी असते. व्यसन सुटताच चयापचय मूळ गतीवर येतो, जिभेची चव परतते आणि रिकाम्या हाताला चिवडा-फरसाणाची सोबत लागते.

प्रमाण

२०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार औषधांची मदत न घेता धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी ४.७ किलो वाढले. त्यातील बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांतली होती. मात्र सुमारे १६ टक्के लोकांचे वजन घटले, तर १३ टक्क्यांचे १० किलोहून अधिक वाढले. सरासरीवरून एखाद्या व्यक्तीचे भाकीत करणे म्हणूनच योग्य नव्हे.

चयापचयावरील परिणाम

धूम्रपानामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मुळातच कमी होतो. सोडल्यानंतर काही वर्षे, मुख्यतः वजन वाढलेल्यांत, मधुमेहाचा धोका तात्पुरता वाढतो. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात तो पाच ते सात वर्षांनी सर्वाधिक होता आणि नंतर उतरत गेला. त्याच अभ्यासात, वजन वाढलेल्यांचाही हृदयविकाराने होणारा मृत्यू धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमीच आढळला. वजनाच्या भीतीने विडी चालू ठेवणे हा उलटा हिशेब ठरतो.

भारतीयांत मात्र केवळ वजनकाट्यावर विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले व एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३ असूनही याज्ञिकांच्या शरीरात मेद २१.२ टक्के, तर सहकाऱ्याच्या शरीरात ९.१ टक्के होता. यामुळे कमरेचा घेर मोजणे अधिक उपयुक्त असते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात.

मराठवाड्यातील संदर्भ

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत. नांदेड-लातूरकडील खेड्यांत विडी सुटली की तंबाखू-चुन्याची डबी खिशात येते. अशा वेळी निकोटिन चालूच राहते, त्यामुळे वजन फारसे वाढत नाही. पण याला व्यसनमुक्ती म्हणता येत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका कायम राहतो.

उपाय

निकोटिनचा च्युइंगगम किंवा पट्टी आणि बुप्रोपिऑन हे औषध वजनवाढ लांबवतात, पूर्णपणे टाळत नाहीत; ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. पहिल्या आठवड्यांत कडक उपास धरल्यास भुकेबरोबर तलफही वाढते. त्यापेक्षा रोजचे चालणे आणि फरसाणाऐवजी फुटाणे किंवा काकडी हे सोपे. मधुमेह असलेल्यांनी रक्तशर्करा अधिक वेळा तपासावी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ आहे.