लागणीचा महिना ठरवताना मे महिन्याचं पाणी बघा



आडसालीचे दिवस जवळ आले की "लागण कधी करू?" अशी विचारणा आमच्या शेतकी विभागाकडे सुरू होते. आमचं पहिलं म्हणणं असं की, पावसाळ्यात भरलेली विहीर बघून लागण ठरवू नका. त्याच विहिरीला मे महिन्यात किती पाणी राहतं ते बघा.

लागणीचे हंगाम तीन. आडसाली १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. को ८६०३२ हा वाण तिन्ही हंगामांत चालतो.

ऊस गवताच्याच कुळातला. टिपरीवरचा डोळा फुटायला ऊब लागते. थंडीत कोंब जमिनीतच रेंगाळतो. म्हणून सुरूची लागण कडाक्याच्या थंडीत उरकण्यापेक्षा थंडी ओसरताना केलेली बरी. मात्र १५ फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नये.

आता उन्हाळ्याचा हिशोब. तिन्ही उसांना उन्हाळा एकच लागतो, फरक वयाचा. १ एप्रिलला आडसाली ऊस साडेसात ते साडेआठ महिन्यांचा, पूर्वहंगामी साडेचार ते साडेपाच महिन्यांचा आणि सुरू जेमतेम दीड ते साडेतीन महिन्यांचा असतो. सुरूचे फुटवे ऐन उन्हात येतात. एक पाळी चुकली की फुटवे मरतात, वर खोडकिडीचा त्रास. आडसालीच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात, तो ताण जरा सोसतो. पण अंगाने मोठा, म्हणून पाणीही जास्त पितो, आणि जमीन दीड वर्ष अडकते.

नीरा डावा कालवा १८८५ पासून आपल्या भागाला पाणी देतो. पण उन्हाळ्यात आवर्तन लांबलं की इंदापूरकडच्या टेलच्या रानाला झळ आधी बसते. १९७२, २०१२ आणि २०१८ चे दुष्काळ आपण विसरलेलो नाही.

तेव्हा आमचा सल्ला असा :

१) कालवा आणि बारमाही विहीर दोन्ही असतील तर आडसाली करा. तीसुद्धा सगळ्या रानात नको.

२) एप्रिल-मेमध्ये पाणी ओढूनताणून पुरत असेल तर पूर्वहंगामी करा, क्षेत्र बेताचं ठेवा, ठिबक बसवा, पाचट सरीत दाबा.

३) जून उजाडेपर्यंत विहीर टिकण्याची खात्री असेल तरच सुरू करा.

४) बेणं ९ ते ११ महिन्यांचं, बेणेमळ्यातलंच घ्या.

लागण झाली की खरी तारीख आणि वाण गटाच्या स्लिपबॉयकडे नोंदवा. तोडणीचा क्रम त्यावरच लागतो. तारीख मागची टाकली तर ऊस कोवळाच तुटतो, वजन आपलंच घटतं आणि साखर उतारा सगळ्यांचा.

दोन एकर पोसलेला ऊस चार एकर वाळलेल्या उसापेक्षा केव्हाही चांगला.