बर्फावर चढायचा जोडा

नवी वहाण चावते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. चार दिवस तेल चोळावे, घरातल्या घरात वागवावी, की कातडे मऊ पडते आणि वहाण पायाची होते. परंतु कितीही तेल पाजले तरी मऊ न पडणारा एक जोडा आहे. तो म्हणजे स्कीच्या लांब फळ्या पायाला बांधून बर्फाचा डोंगर चढणाऱ्याचा बूट. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरे. पण आपली मुले-मुली काश्मिरात गुलमर्गला, उत्तराखंडात औलीला स्की शिकायला जातात. त्यांना पाठवणाऱ्या पालकांनी आणि गुरुजींनी हा जोडा समजून घ्यावा, कारण इथे चूक झाली तर फोडावर भागत नाही. पायाची बोटे गमावण्याची पाळी येते.

आता तुम्ही म्हणाल, बूट तो बूट, त्यात एवढे काय? तर ऐका. पाळण्यात बसून वर जायचे आणि नुसते घसरत खाली यायचे, हा स्कीचा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा असतो. त्यासाठी फळीखाली केसाळ पट्टी चिकटवतात. मांजराच्या पाठीवरून हात एका बाजूने सरकतो, उलट फिरवला तर अडतो. तसेच हे केस फळीला पुढे जाऊ देतात, मागे घसरू देत नाहीत. चढताना टाच मोकळी असते, उतरताना ती फळीला जखडतात. म्हणजे एकाच बुटाने चढताना घोटा वाकू द्यायचा आणि उतरताना तोच घट्ट धरायचा. म्हणून या बुटाच्या मागे एक खटका असतो. तो उघडला की चाल, मिटला की उतरण. नुसत्या उतरणीचा बूट घालून दिवसभर चढू लागलात, तर पोटऱ्या आणि टाचा दोन्ही सोलून निघतील.

फळी आणि बूट यांची सोयरीकही जुळावी लागते. फ्रिट्झ बार्थेल नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने 1980 च्या दशकात बुटाचा पुढचा भाग दोन बाजूंनी खिळ्यांत पकडण्याची हलकी युक्ती काढली. तिला बुटाच्या चवड्यापाशी धातूच्या खोबणी लागतात. त्या नसतील तर बूट कितीही उत्तम असो, त्या फळीवर बसायचा नाही.

बूट दुहेरी असतो: बाहेर प्लास्टिकचे कडक कवच, आत मऊ अस्तर. माप सेंटिमीटरमध्ये सांगतात. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापुढे खूण करा आणि अंतर मोजा. ते साडेसव्वीस आले तर माप 26.5. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. मापे घ्यावीत ती संध्याकाळी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजलेला असतो.

मग दुकानात अस्तर बाहेर काढून नुसत्या कवचात पाय घाला. बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे साधारण बोटभर, उरली तर माप ठीक. दोनांच्या पुढे गेली तर बूट मोठा. पुढे अस्तरासह घाला, कड्या लावा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम लागावीत. गुडघे वाकवताच ती मागे सरावीत. टाच उचलता कामा नये, पण बोटे मात्र हलली पाहिजेत. अस्तर गरम करून पायाच्या आकाराचे करता येते. कवच एखाद्या जागी रुतत असेल तर कारागीर तेवढी जागा तापवून फुगवून देतो. मात्र मोठे कवच लहान करता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

थंडी वाजते म्हणून दोन-दोन मोजे चढवायचा मोह होतो. तो टाळा. मोज्यांनी बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही, आणि जिथे रक्त नाही तिथे ऊबही नाही. मग बोटे बधिर होतात, पांढरी पडतात. हाच हिमदंशाचा आरंभ. लोकरीचा एकच मोजा पुरे. चढताना वरच्या कड्या सैल ठेवा, उतरण्यापूर्वी आवळा आणि खटका मिटवा. कुठे चुरचुरले तर फोड येण्याची वाट न पाहता थांबून चिकटपट्टी लावा. रात्री अस्तर काढून वाळवा, पण शेगडीला खेटून ठेवू नका.

आणखी एक. पायातले ओझे पाठीवरच्या ओझ्यापेक्षा फार लवकर दमवते, म्हणून हलका बूट बरा वाटतो. पण फार हलका बूट उतरणीवर पायाला आधार देत नाही. नवशिक्याने मधला मार्ग धरावा. भाड्याने घेणार असाल तर चालीचा खटका आहे ना, हे आधी विचारा, आणि डोंगरावर जाण्यापूर्वी तो तासभर पायात घालून फिरा. बूट दुकानात बदलता येतो, बर्फात नाही.